ऊसतोड मजूर कुणाच्याच कागदावर का नाहीत? (साखर विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या जबाबदारीबद्दल)

बालाघाटची लेक | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं फक्त वाचते. आज लिहायला बसले, कारण मागच्या आठवड्यात जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये.

मी पुण्यात एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत खरेदी विभागात आहे. साखर, मैदा, तेल, पॅकिंगची खोकी यांचे पुरवठादार माझ्याकडे असतात. कंपनीची बारा पानी 'पुरवठादार आचारसंहिता' आहे. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, कामाचे तास ठरलेले हवेत, प्यायला पाणी आणि स्वच्छतागृह हवं. पुरवठादारानं दरवर्षी त्यावर सही करायची आणि अधूनमधून आम्ही जाऊन बघायचं. त्या बघण्यासाठी एका साखर कारखान्यावर गेले होते. नाव लिहीत नाही, कारण हे एका कारखान्याचं दुखणं नाही.

गेटवर हेल्मेट मिळालं. मिल पाहिली, बॉयलर पाहिला, गोदाम पाहिलं, पगारपत्रकं चाळली. प्रथमोपचार पेटीतल्या औषधांच्या तारखासुद्धा तपासल्या. सगळं ठीक होतं, आणि खरंच ठीक होतं. दुपारी निघालो. गेटबाहेर गाडीतळाच्या कडेला कोप्यांची, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांची, रांग होती. एक बाई टायरगाडीच्या सावलीत बाळाला झोळीत घालून भाकरी खात होती. बोलण्याची ढब ओळखीची वाटली म्हणून थांबले. "कुठल्या तुम्ही?" "शिरूर कासारच्या." मी पाटोद्याची. पाणी कुठून आणता विचारलं, तर तिनं कॅनॉलकडं हात केला. आणि बाकीचं? ती म्हणाली, "उजाडायच्या आत उसात जायाचं, न्हाईतर रात होस्तर दम धरायचा."

गाडीत बसल्यावर मी सोबतच्या ऑडिटरला म्हटलं, हे अहवालात घेऊ या. तो माणूस वाईट नाही. शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे स्कोपमध्ये येत नाही. ही माणसं आपल्या पुरवठादाराची कामगार नाहीत."

माझ्या आईवडिलांनी बावीस हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसून जायचे आणि पाडव्याच्या पुढंमागं परत यायचे. मी आजीजवळ राहून शिकले. घरी पत्र्याच्या पेटीत वजनाच्या जुन्या पावत्या आहेत. परवा गावी गेल्यावर त्या काढून बघितल्या. पावतीवर कारखान्याचं नाव आहे, शेतकऱ्याचं नाव आहे, गाडीचा नंबर, मुकादमाचं नाव, वजन, वेळ सगळं आहे. ज्यांनी तो ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवल्या, त्यांचं नाव कुठंच नाही. मुकादमाच्या वहीत वडिलांच्या नावापुढं '१ कोयता' आणि उचलीचा आकडा. आईचं नाव तर त्या वहीतही नाही.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, पावसाळ्यात कोयत्यामागं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, हल्ली पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत. ती फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस खाडा पडला की उचलीतून पैसे कापतात, मग आजारपण असो नाहीतर बाळंतपण. कारखाना पैसे देतो वाहतूकदाराला, तो देतो मुकादमाला, मुकादम मांडतो हिशेब. त्यामुळं मजूर कुणाचे विचारलं की प्रत्येक जण पुढच्याकडं बोट दाखवतो.

माझा प्रश्न असा. साखर विकत घेणारी कंपनी 'आमची पुरवठा साखळी जबाबदार आहे' असं छापते, तेव्हा ती साखळी कारखान्याच्या गेटवर संपते का?

हिशेबनीस | सोमवार, रात्री ११.०५

ताई, लेख वाचून गलबलून आलं. मी सीए आहे. मोठ्या कंपन्यांचे शाश्वतता अहवाल तपासण्याचं काम करतो, म्हणून कायद्याची बाजू सांगतो.

सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, २०२२-२३ पासून सर्वांत मोठ्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर नावाचा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. २०२३ मध्ये त्यात मूल्यसाखळीची भर पडली. म्हणजे पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यायची. नंतर उद्योगांनी तक्रार केली की हे झेपणार नाही, तेव्हा अट सैल झाली. आता ज्या पुरवठादाराकडून एकूण खरेदीच्या २ टक्के किंवा त्याहून जास्त माल येतो तेवढाच मोजायचा, आणि २०२५-२६ पासून तेही ऐच्छिक.

यात ऊसतोड कुठं बसते बघा. बिस्किटं, चॉकलेट बनवणारी कंपनी पाच-दहा कारखान्यांकडून साखर घेते, पुष्कळदा मध्ये व्यापारी असतो. एखादा कारखाना २ टक्क्यांत आलाच, तरी प्रश्न विचारला जातो त्याच्या कामगारांबद्दल. तोडणी मजूर त्याच्या हजेरीपटावर नाहीत, मग उत्तर येतं 'लागू नाही'. हे दोन शब्द मी किती अहवालांत वाचले असतील! आणि सही करताना माझ्याजवळ ते खोडायला कागद नसतो.

वारणाकाठ | मंगळवार, सकाळी ६.५०

मी ऊस उत्पादक, वारणेच्या पट्ट्यातला, साडेतीन एकरवाला. ताईंच्या भावनेचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो.

तोडणीचे पैसे शेवटी कोण देतो? आम्ही. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, टनाला ३५५० जाहीर झाली, पण त्यातून तोडणी-वाहतूक कापून घेतात. माझ्या बिलातून टनाला आठशे-नऊशे गेले. वर ऊस वेळेत तुटावा म्हणून फडात खुशाली द्यायची, ड्रायव्हरला एंट्री द्यायची, हे सगळे वरचे पैसे. तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिठबॉयच्या मागं फिरायचं ते वेगळंच. तोडणी महिनाभर लांबली की वजन घटतं, तुरा येतो.

आणि वाहतूकदारांचं ऐका. माझ्या चुलत भावानं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, मुकादमाला उचल दिली, तो टोळीच घेऊन आला नाही. पोलिसात तक्रार केली, पैसे अजून आले नाहीत. आमच्या भागात अशी घरंच्या घरं बसली आहेत. मजुराचं हाल होतंय हे रोज डोळ्यांनी बघतो. पण साखर विकत घेणारी कंपनी एक प्रश्नावली पाठवणार, कारखाना तो खर्च आमच्या बिलात टाकणार, आणि कंपनीच्या अहवालात हिरवं पान छापणार. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून ३१ रुपये किलोवर आहे, तेव्हापासून एफआरपी किती वेळा वाढली ते मोजा. मध्ये चेंगरतोय कोण?

बालाघाटची लेक | मंगळवार, दुपारी १.२०

दादा, तुमचं म्हणणं अगदी मान्य आहे. म्हणूनच मी कारखान्याला किंवा शेतकऱ्याला शिव्या द्यायला धागा काढला नाही. तुमच्या पोस्टमुळं एक हिशेब करून बघितला.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एका टन उसातून शंभर किलोच्या थोडी वर साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेत तोडणाऱ्या जोडीची मजुरी साडेतीन रुपयांच्या आसपास. शीतपेयात १०० मिलीलीटरला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते. २५० मिलीलीटरच्या बाटलीत धरा २६ ग्रॅम. त्यात तोडणीचा वाटा किती? नऊ पैसे.

मी दोनदा कॅल्क्युलेटर फिरवला. नऊ पैसे. तोडणीची मजुरी उद्या दुप्पट केली तरी वीस रुपयांची बाटली वीस रुपये नऊ पैशांना पडेल. तो पैसा तुमच्या बिलातून जायचं काही कारणच नाही. बाटली विकणाऱ्यानं द्यावा.

आणि आमच्या खरेदी विभागात काय चालतं तेही सांगते, कारण ते माझ्या हातून घडतं. एका टेबलावरून आम्ही आचारसंहितेवर सही मागतो, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या टेबलावरून किलोमागं चाळीस पैसे कमी करा म्हणून त्याच कारखान्याच्या विक्री अधिकाऱ्याला दोन तास घासतो. माझं वर्षाचं मूल्यमापन त्या चाळीस पैशांवर होतं. सहीवर होत नाही.

डॉ. केजवाली | मंगळवार, रात्री १०.१५

मी बीड जिल्ह्यात सतरा वर्षं प्रॅक्टिस करते. इथे पिशवीचा विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून लिहिते.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि देशभर खळबळ झाली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागं एक. देशातलं सर्वसाधारण प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

लोक विचारतात, बायका तयार कशा होतात? माझ्या टेबलासमोर बसलेली बाई काय सांगते ते ऐका. पाळीत दिवसभर उसात वाकायचं, कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, तोच ओला कपडा संध्याकाळपर्यंत. मग अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं, जंतुसंसर्ग होतो. दहा दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा आजार असतो तो. पण गोळ्या घ्यायला थांबलं की खाडा. पावसाळ्यात गावी आल्यावर कुणीतरी सांगतं, पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल, काढून टाका. हातात उचलीचे पैसे असतातच. तिशीच्या आत पिशवी गेलेल्या बायका मी तपासल्या आहेत. आता त्यांची हाडं दुखतात, अंगाची आग होते, रात्रीची झोप नाही. आणि पुढच्या हंगामात मोळी डोक्यावर आहेच.

त्यानंतर आमच्या जिल्ह्यात खासगी दवाखान्याला या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ते चांगलंच झालं. पण दुखण्याचं मूळ फडात आहे, ते तसंच राहिलं. तुमच्या बारा पानांत 'स्वच्छतागृह' असा शब्द आहे ना? तो फडापर्यंत आला असता तर माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी बायका आल्या नसत्या.

स्टुटगार्टकर | बुधवार, पहाटे २.३०

मूळचा मिरजेचा, सध्या जर्मनीत वाहन उद्योगात पुरवठादारांचं काम बघतो. इथला अनुभव सांगतो.

जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला, आधी ३००० आणि पुढल्या वर्षापासून १००० कामगारांवरच्या कंपन्यांना. मोठ्या कंपनीला जागतिक उलाढालीच्या २ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा आला त्या वर्षी आमच्या ऑफिसात खरी धावपळ होती. पण गोम अशी आहे की थेट पुरवठादाराची तपासणी दरवर्षी करायची, त्याच्या मागच्याची मात्र ठोस माहिती कानावर आली तरच. म्हणजे माहिती न काढण्यातच सोय. युरोपीय संघाचा मोठा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला आणि २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढं ढकलली. इथंही उद्योगांचा सूर तोच, कागदपत्रं फार झाली.

पण यातून एक दार उघडतं. 'ठोस माहिती' कंपनीला कुणी पोचवायची? तक्रार कुणालाही करता येते, परदेशातल्या मजुरालाही. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टनं महाराष्ट्रातल्या ऊसतोड बायकांवर सविस्तर लिहिलं, कोका-कोला आणि पेप्सीची नावं घेऊन. त्यानंतर कुणालाच 'आम्हाला ठाऊक नव्हतं' म्हणता येत नाही.

जुना टोळीवाला | बुधवार, सकाळी ८.००

मी नऊ वर्षं मुकादमकी केली, सोडून सात वर्षं झाली. मुकादम म्हणजे राक्षस असं कुणी लिहायच्या आधी मीच लिहितो.

मी स्वतः कोयता चालवून मुकादम झालो. कारखान्याकडून, गाडीमालकाकडून उचल माझ्या सहीवर यायची. चाळीस माणसं, म्हणजे वीस कोयते. त्यातले दोन पळाले की माझी जमीन गहाण. मग मी बाकीच्या अठरांवर सक्ती करणार. एका बाईला बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी मी फडात उभी केली, हे मी केलंय. तिचं नाव मला ठाऊक आहे, दरवर्षी गहिनीनाथ गडावर दिसली की मान खाली जाते.

उचल बंद करा म्हणणं सोपं. पावसाळ्यात आमच्या डोंगरावर काय पिकतं? बियाणं, पोरांची फी, लेकीचं लग्न, सगळं उचलीतून. बँक आम्हाला दारात उभं करत नाही. उचल कारखान्यानं सरळ मजुराच्या खात्यावर टाकली, दोघांच्या दोन खात्यांवर, आणि हिशेब लेखी दिला, तर मुकादमाच्या हातातला चाबूक आपोआप गळून पडेल. मी मुकादम असतो तर मलाही ते हवं झालं असतं.

हिशेबनीस | बुधवार, दुपारी १२.४५

टोळीवाले, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल तुमचे आभार.

तुमच्या सूचनेत माझ्यासारख्याला हवा तो कागदही तयार होतो. खात्यावर पैसे गेले की नाव आलं, आधार आला, लिंग आलं, वय आलं. मग मला अहवालात 'लागू नाही' लिहू द्यायचं कारण नाही. सरकारनं गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ काढलं, कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढीच भर घालायची असं ठरलं. ओळखपत्रं देणं, मुलांसाठी वसतिगृहं असं काम सुरू आहे, पण सरकारी यादी आणि कारखान्याचं तोडणीचं रजिस्टर यांची गाठ पडत नाही. ती घालून देण्याचा जोर खरेदीदाराकडं आहे. 'नावं नाहीत तर साखर नाही' एवढं एका मोठ्या खरेदीदारानं म्हटलं तर पुढच्या हंगामाआधी नावं येतील.

वारणाकाठ | बुधवार, रात्री ९.१०

नऊ पैशांचा हिशेब मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. बायको म्हणाली, "मग अडलंय कुठं?" मला उत्तर देता आलं नाही.

ताई, खर्च कंपनीनं उचलायचा असेल तर मी तुमच्या बाजूनं. पण तोंडी नको. करारात लिहून पाहिजे, साखरेच्या दराच्या ओळीखाली वेगळी ओळ, 'तोडणी मजूर सुविधा, किलोला इतके पैसे'. नाहीतर तुमचाच दुसऱ्या टेबलावरचा माणूस ते घासून काढेल. आणि हार्वेस्टरबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडं यंत्रं वाढली आहेत. छोट्या, तिरक्या वावरात ती चालत नाहीत, पण ज्या टोळीच्या पोटावर पाय येतोय तिचं काय, हेही याच धाग्यात यायला हवं.

स्टुटगार्टकर | गुरुवार, रात्री १२.२०

वारणाकाठ, तुम्ही म्हणता तशी वेगळी ओळ जगात आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या इमोकाली भागात टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी बड्या फास्टफूड कंपन्यांकडून आणि दुकानांकडून पौंडामागं एक सेंट जादा मिळवला. तो मजुराच्या पगारात वेगळा दिसतो. आणि ज्या मळ्यात छळ होतो त्याच्याकडून माल न घेण्याचं बंधन खरेदीदारावर आहे, करारानं.

बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचं सामाजिक ऑडिट आधी झालेलं होतं. त्यानंतर कायद्यानं बांधणारा करार झाला तेव्हा कुठं जिने आणि विजेच्या तारा दुरुस्त झाल्या. आणि आपल्याच देशात, तमिळनाडूत, २०२२ मध्ये दिंडीगुलचा करार झाला. कापड कारखान्यातल्या एका तरुण दलित कामगार मुलीच्या खुनानंतर बायकांच्या नेतृत्वाखालच्या युनियननं कारखान्याच्या मालकाला आणि एच अँड एमसारख्या खरेदीदाराला एकाच टेबलावर आणलं. कारखान्यानं करार मोडला तर खरेदीदारानं दबाव आणायचा, हे त्यात लिहिलेलं आहे. कारखान्यातल्या बायकांनीच कारखान्यातल्या बायकांचं ऐकायचं, अशी तिथं रचना आहे. बाहेरून वर्षातून एकदा येणाऱ्या ऑडिटरला कुणी मनातलं सांगत नाही.

डॉ. केजवाली | गुरुवार, सकाळी ७.३५

शेवटचं वाक्य अगदी खरं. मुकादम शेजारी उभा असताना बाई 'सगळं बरं हाय' म्हणते. तीच बाई श्रावणात माझ्याकडं येते तेव्हा तासभर बोलते. ऑडिट करायचंच असेल तर हंगाम संपल्यावर गावी येऊन करा. फडात कॅमेरे घेऊन जाऊ नका.

बालाघाटची लेक | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.५०

मंडळी, उशिरा आले, माफ करा.

धाग्यातलं सगळं घेऊन मी साहेबांकडं गेले. वारणाकाठ दादांची 'वेगळी ओळ' ऐकून ते म्हणाले, यंदा नाही. अगदी सरळ नाही म्हणाले. स्कोप गेटबाहेर न्यायलाही वरून परवानगी लागेल. पण प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवायला त्यांनी हो म्हटलं. तेवढा घेतला. प्रश्न असा लिहिला: 'तुमच्या कारखान्याला येणारा ऊस तोडणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचं नाव, वय आणि मूळ गाव कळवा. त्यांच्यासाठी पाणी, शौचालय आणि पाळणाघराची सोय कुठं आहे ते कळवा.' टोळीवाल्यांच्या सांगण्यावरून पुढं जोडलं, 'उचल कुणाच्या खात्यावर जमा होते?'

आठ कारखान्यांना गेला. तिघांकडून काहीच आलं नाही. चौघांनी हिशेबनीस म्हणतात तेच दोन शब्द लिहिले, लागू नाही. एका कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं मात्र फोन केला. म्हणाला, आजवर कुणी विचारलं नव्हतं, थोडे दिवस द्या. परवा त्याची यादी आली. नावं आहेत, गावं आहेत, पाटोदा, वडवणी, धारूर, शिरूर कासार. सगळी पुरुषांची. खाली बेरीज आणि त्यापुढं लिहिलेलं, 'कोयते'.

मी त्यांना उत्तर पाठवलं आहे: एका कोयत्यात दोन माणसं असतात. दुसऱ्या माणसाचं नाव पाठवा.

सोमवारी फोन करणार आहे. काय म्हणतात ते इथंच लिहीन.